पायपेटीतला झेंडा

सोलापूर, ७ जुलै २०२५

प्रिय सुमंत,

जय ख्रिस्त. अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट तसंच परत पाठवू नकोस. अठ्ठावीस वर्षांत मी तुला नाताळची तीन कार्डं पाठवली, तू एकही नाही. बरोबरच आहे. तक्रार करायला लिहीत नाही.

मी अडुसष्ट वर्षांची झाले. गुडघे सोडले तर बाकी ठीक. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण चर्चच्या मंडळीत अजून सगळे मला हेडबाईच म्हणतात आणि मीही तशीच वागते, हे तुला सांगायला नको.

बातमी अशी की चर्चच्या मागचं सभागृह, जे आपल्या लहानपणी नुसतं पत्र्याचं होतं, ते आता पक्कं बांधून झालं आहे. पंचकमिटीने त्याला आपल्या आजोबांचं नाव द्यायचा ठराव केला. ‘देशभक्त याकोब मास्तर रणपिसे सभागृह.’ पाटी कोरायला दिली आहे. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन, मग आभाराची उपासना, मग पाटीचं अनावरण. आजोबांचा जीवनवृत्तांत मी वाचायचा.

दुसरं कोण वाचणार? ती गोष्ट शब्बाथशाळेच्या मुलांना दर ऑगस्टला मीच सांगत आले. तीस सालचा मार्शल लॉ, नुसती गांधीटोपी दिसली तरी माणसाला धरून नेत होते ते दिवस. शिवलिंगप्पा शिंप्याने शिवलेला चरख्याचा झेंडा याकोब मास्तरांनी चर्चच्या पायपेटीत लपवला, आणि शिपाई झडती घेत असताना स्वतः पेटीपुढे बसून, पायाने भाता मारत, शांतपणे गीत वाजवत राहिले. मी टेबलावर बोटं आपटून शिपायांच्या बुटांचा आवाज काढते. मुलं श्वास रोखून बसतात. मग मी पेटीचं झाकण उघडून आतली रिकामी जागा दाखवते.

आता कामाचं. रंगकामासाठी कचेरीतलं जुनं कपाट हलवलं, तेव्हा १९४७च्या ठरावबुकातलं ते पान सापडलं. ज्या पानासाठी तू सत्त्याण्णव साली सगळ्या मंडळीसमोर उभा राहिलास, तेच. तू खरं बोलत होतास. हे एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

सांग, काय करू? आजोबांना जाऊन बासष्ट वर्षं झाली. अण्णा म्हणायचे तसं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ते उघड करून कोणाचं भलं होणार आहे? तू मोठ्या मनाने ‘राहू दे अक्का’ असं दोन ओळींत लिहिलंस, तर माझ्याही जिवाला बरं वाटेल.

तुझी अक्का
(प्रिस्किला)

सोलापूर, १९ जुलै २०२५

प्रिय सुमंत,

तुझं कार्ड आलं. वर ‘प्रिय’ नाही, खाली सही नाही. मधे दोन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. ‘कुठे सापडलं?’

दोन दिवस मी ते कार्ड डाळीच्या डब्याखाली ठेवलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं. तिसऱ्या दिवशी काढलं आणि आता उत्तर लिहायला बसले आहे.

सापडलं नाही. ते हरवलंच नव्हतं. माझ्याकडे होतं.

तुला हे माहीतच आहे, तरी लिहिते, कारण मी ते एकदाही कोणाजवळ बोललेली नाही. चौदा ऑगस्ट सत्त्याण्णव, दुपारी दोनचा सुमार. तू तेव्हा कमिटीचा कारकून होतास आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी जुनी बुकं उतरवून काढत होतास. टॉवेलात गुंडाळून ते ठरावबुक घेऊन तू माझ्या स्वयंपाकघरात आलास. तुझा चेहरा कसातरीच झाला होता. म्हणालास, "अक्का, आधी तू वाच. पूर्ण वाच. मग दोघं मिळून ठरवू." आणि मांडवाच्या पताका लावायला निघून गेलास.

मी पाच ओळी वाचल्या. सहावी वाचली नाही. पान फाडलं, बुक टॉवेलात गुंडाळलं आणि तू आलास तेव्हा तसंच तुझ्या हातात दिलं. म्हटलं, वाचलं रे, उद्या बोलू. अण्णांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, माझी हेडबाई म्हणून नेमणूक व्हायची होती, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी एकच गोष्ट डोक्यात होती. लोक आपल्याला साहेबाची माणसं म्हणत आले. शाळेत असताना ‘तुमचा देश कुठला’ असं मला दोनदा विचारलं गेलं, आणि दोन्ही वेळा मी आजोबांचा झेंडा पुढे केला. तोच माझ्या हातातून जाणार होता.

दुसऱ्या दिवशी तू उपासनेत उठलास. म्हणालास, आजोबांची खरी हकिकत वेगळी आहे, आणि ती सांगितली गेली तर ते आत्तापेक्षा मोठे ठरतील. बुक मागवलं. पान नव्हतं. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले की माझा मुलगा खोटं बोलतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी गीतांचं पुस्तक उघडून पुढच्या गीताचा क्रमांक शोधत बसले. सुमंत, त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत ते पान होतं.

माफी मागत नाही म्हणून पंचांनी तुला प्रभुभोजनातून बंद केलं, मेजावरची भाकरी आणि पेला तुला मना. महिन्याभरात तू नोकरीत भोपाळला बदली मागून घेतलीस. ‘काल बुक अक्काकडे होतं’ एवढं एक वाक्य तू बोलला असतास तर सुटला असतास. का बोलला नाहीस, हे मी तुला विचारू शकत नाही. तो हक्क मी गमावला आहे.

आणखी एक सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची तयारी मीच करते. पांढरं कापड अंथरते, भाकरीचे तुकडे करते, पेले भरते. वाटप सुरू झालं की मागच्या खोलीत जाऊन कपाट आवरते. भावाशी वाकडं असताना त्या मेजावर हात घालायचा नसतो, हे मीच मुलांना शिकवलं आहे. अठ्ठावीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. हेडबाई कामात असतील, असंच सगळे समजतात.

तुझं कार्ड आल्यावर काल सकाळी मी पुठ्ठा उसवला आणि पान पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. तू तेव्हा ‘पूर्ण वाच’ का म्हणाला होतास ते कळलं. तुला तोंडपाठ असेल, पण मी उतरवून काढते. शिक्षा म्हणून मुलांना उतरवायला लावायचे, तसं.

‘१७ ऑगस्ट १९४७. आभाराच्या उपासनेत याकोब बाळाजी रणपिसे मास्तर उभे राहून म्हणाले: परवा देश बंधनातून सुटला. मी सुटलो नाही. तीस साली शिवलिंगप्पा शिंप्याने विश्वासाने मजजवळ ठेवलेला झेंडा मी आपल्या हाताने पेटीतून काढून साहेबास दिला, व कोणी शिवला असे विचारता त्याचे नाव सांगितले. मला कोणी मारले नाही. मी भ्यालो, इतकेच.’

इथे मी थांबले होते. पुढे असं आहे.

‘शिवलिंगप्पास शिक्षा झाली. तो तुरुंगातून खोकला घेऊन आला व वारला. कोणी पकडून दिले, हे त्याने बाहेर कोणास सांगितले नाही. स्वराज्य त्याच्यासारख्यांनी मिळवले आणि ते मलाही मिळाले, जसे तारण मिळते, लायकी नसता. ते घेऊन गप्प बसणे मला होत नाही. दर वर्षी या दिवशी हे मंडळीत वाचावे, म्हणजे आपली मुले आपणांस निर्दोष समजणार नाहीत व स्वतःसही समजणार नाहीत. उपासनेनंतर मी शिवलिंगप्पाच्या घरी जात आहे.’

त्याखाली पंचांचा शेरा: कबुली ऐकली. क्षमा केली. बाहेर बोलू नये.

बाहेर बोलू नये! तिथून सगळं सुरू झालं. आधी गप्प बसले, मग कोणीतरी पायपेटी वाजवणारा आजोबा तयार केला, आणि मी त्यात बुटांचे आवाज भरले. त्यांचा गुन्हा झाकायला गेले, आणि त्यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात धीराचं काम पुठ्ठ्यात शिवून टाकलं.

तुला आता ‘काय करू’ असं विचारत नाही. मला कळलं आहे.

अक्का

सोलापूर, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय सुमंत,

आज पहिला रविवार. मेज मांडलं आणि मागच्या खोलीत हे पत्र लिहायला बसले आहे. बाहेर गीत चालू आहे.

मंडळीला सांगण्याआधी सुंदरम्माला सांगायला हवं होतं. तुला आठवते का? शिवलिंगप्पाची नात, सात रस्त्याजवळ ब्लाउज शिवते. सत्तरीची झाली तरी चष्म्याशिवाय सुई ओवते. चर्चचा झेंडा दर ऑगस्टला तिच्याकडे जातो. उसवलेल्या कडा ती शिवते, इस्त्री करून घडी घालून देते. आमच्या अज्जाची आणि तुमच्या मास्तरांची दोस्ती होती म्हणून, असं म्हणते. ही दोस्ती तिला कोणी सांगितली? मीच. यंदा कमिटीने तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं आहे.

गुरुवारी झेंडा घेऊन गेले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी उभ्यानेच पान वाचून दाखवलं, बसले असते तर वाचता आलं नसतं. तिने मशीन थांबवलं नाही, पायाने हळूहळू चालवतच राहिली, खाली कापड नव्हतं तरी. मी संपवलं तेव्हा मशीन थांबलं.

म्हणाली, "म्हंजे तो ह्योच मास्तर व्हय."

मला समजलं नाही. मग तिने सांगितलं. ती लहान असताना दर पंधरा ऑगस्टला एक उंच माणूस त्यांच्या दारात यायचा. टोपी काढून हातात धरायचा आणि उन्हात उभा राहायचा. तिची आज्जी, म्हणजे शिवलिंगप्पाची बायको, आतून बघायची. ये म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. आल्यागेल्याला पाणी देणारी बाई, पण त्याला कधी पाणी दिलं नाही. तासाभराने तो मान लववून निघून जायचा. पोरांनी विचारलं की आज्जी म्हणायची, ते त्याचं नि माझं हाय. एका वर्षी तो आलाच नाही. ते त्रेसष्ट साल असणार. आज्जी दुपारपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली आणि म्हणाली, मास्तर आला न्हाय की.

सोळा वर्षं, सुमंत. आजोबा दर वर्षी न चुकता गेले, आणि आपल्या घरात कोणाला पत्ता नाही. की आपल्या आजीला होता आणि तिनेही मूठ झाकली?

मी म्हटलं, सुंदरम्मा, आमच्या घराण्याच्या वतीने मी क्षमा मागते. त्यावर ती चिडली. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"क्षमा मागू नका बाई. मास्तर खोटं बोलला न्हाय, दारात येऊन हुबा तर राह्यला. तुमी बोलला. चाळीस वर्षं मी तुमचा झेंडा शिवते, दोस्ती म्हणून. माझा अज्जा खोकून खोकून मेला, नि मी इस्त्री करत बसले."

झेंडा तिने ठेवून घेतला. पाहुणी म्हणून येणार नाही म्हणाली. मी सात रस्त्यावरून घरापर्यंत चालत आले. रिक्षावाले हाका मारत होते, पण कोणाशी बोलायची लाज वाटत होती.

शनिवारी कमिटीला सांगितलं. पाळकसाहेब तरुण आहेत, ते नुसते हात जोडून बसले. सेक्रेटरी जोतिराम मात्र उठला. माझाच विद्यार्थी, पण त्याचं बोलणं मला लागलं. "बाई, आपण मूठभर लोक. आमाला कुणी विचारलं की देशासाठी तुमच्यातल्या कुणी काय केलं, तर दाखवायला ह्यो एक माणूस हाय. तोबी तुमी काढून घेणार? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

पानाबद्दल त्याला बाहेर बोलायचं नव्हतं, ते नुसतं कपाटात परत ठेवायचं होतं. मी म्हटलं, जोतिराम, देश देवदूतांनी सोडवला असं कोणत्या समाजाच्या पुस्तकात लिहिलं असेल तर ते पुस्तक खोटं आहे. सगळ्यांच्याच घरात एक झाकलेलं पान असतं. आपल्याकडे निदान ते लिहिणारा माणूस होता. दर रविवारी आपण मोठ्याने म्हणतो की आम्ही पापी आहोत, आणि पंधरा ऑगस्टला मात्र सगळे निर्दोष होऊन झेंड्याखाली उभे राहतो. हे मला आता जमणार नाही. तुम्ही वाचू दिलं नाहीत तर मी फाटकात उभी राहून वाचीन.

माझा आवाज चढला होता. त्यांनी परवानगी दिली की ते घाबरले, कोण जाणे.

वाटप संपलं वाटतं. पेले धुवायला जाते.

अक्का

सोलापूर, १४ ऑगस्ट २०२५

सुमंत,

रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या येताहेत. तिन्हींवर तुझी सही आहे, ‘त’ची शेपटी अजून तशीच लांब. म्हणजे वाचतोस. मला तेवढं पुरे.

आज दिवसभर माणसं येऊन गेली. अजून वेळ आहे, बाई. प्रकृती बरी नाही म्हणून सांगा, बाई. एकाने तर असं सुचवलं की पान वाचा, पण नाव गाळा. मी सगळ्यांना चहा दिला आणि सगळ्यांना नाही म्हटलं.

भीती वाटते आहे. हे फक्त तुला सांगते. आजोबांनी लिहिलंय ना, मी भ्यालो, इतकेच. ते वाक्य मला आता आधाराचं वाटतं. भिणारा माणूस सतरा वर्षांनी का होईना उभा राहिला. मला अठ्ठावीस लागली. आपल्या घराण्यात वेळ लागतो. तुला तेवढा लागला नाही.

आणि उद्या दोन पानं वाचणार आहे. दुसरं माझं आहे.

अक्का

सोलापूर, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय सुमंत,

झालं.

झेंड्याची काळजी होती, कारण तो सुंदरम्माकडेच होता. परवा सकाळी सातला फाटकाशी गेले तर ती उभी. इस्त्री केलेला झेंडा दोन्ही हातांवर. म्हणाली, "झेंड्याचा काय गुन्हा? तो माझ्या अज्जाचाच हाय." झेंडावंदन झालं. उपासनेसाठी सगळे आत गेले. मी तिला म्हटलं, या ना आत. तिने मान हलवली.

"न्हाय. मी दारात हुबी राहीन. मास्तरावानी."

तर असं झालं की मी वेदीजवळ उभी होते, समोर मंडळी, आणि सगळ्यांच्या मागे उघड्या दारात सुंदरम्मा. मी चष्मा लावला आणि आजोबांचं पान वाचलं. बुटांचे आवाज नाहीत, काही नाही. ‘मी भ्यालो, इतकेच’ इथे थांबले नाही. या वेळी सहावी ओळ वाचायची होती.

मग माझं पान. ते पान बुकातून कोणी फाडलं, कुठे लपवलं, आणि माझा भाऊ खोटं बोलला नव्हता. तुझं पूर्ण नाव घेतलं, सुमंत याकोब रणपिसे. अण्णांनी तुझ्या नावात आपलं नाव न घालता आजोबांचं घातलं होतं, ते परवा उपयोगी पडलं. म्हटलं, तुम्ही सगळ्यांनी त्याला बंद केलंत, कारण माझ्यावर विश्वास ठेवलात. बंद मला करायला हवं होतं. मी स्वतःला केलं आहे, पण चोरून. आज उघड करते.

कोणी रडलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन घरची माणसं उठून गेली. जोतिराम खाली मान घालून बसला होता. मुलं माझ्याकडे बघत होती, तीच मुलं, ज्यांना मी रिकामी पेटी दाखवत आले. एक मुलगी उठून विचारती झाली, "मग बाई, झेंडा कुठं गेला?" मी म्हटलं, साहेबाने नेला. आणि आज जो वर लावलाय तो त्याच शिंप्याच्या नातीने शिवलाय.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सुंदरम्मा उन्हात तशीच उभी होती. घामाने डबडबली होती. मी वेदीजवळून निघाले आणि मधल्या वाटेने तिच्यापर्यंत गेले.

तीच म्हणाली, "पाणी द्या की बाई. लई ऊन हाय."

मी पाणी आणून दिलं. तिने तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं संपवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. क्षमा केली म्हणाली नाही. मी विचारलं नाही. नंतर झेंड्याची खालची कड पुन्हा उसवतेय, उतरवल्यावर आणून द्या, एवढं सांगून गेली.

पान मी खळ लावून ठरावबुकात परत चिकटवलं, सगळ्या पंचांच्या समोर. तुझ्यावरचा जुना ठराव त्यांनी रद्द केला. जोतिरामने स्वतःच्या हाताने लिहिलं की मंडळीने भावावर अन्याय केला. नक्कल सोबत जोडली आहे. पाटी अजून कापडाखालीच आहे. ‘देशभक्त’ हा शब्द खोडायचा की ठेवायचा, यावर पंच भांडताहेत. मी म्हटलं, ठेवा. पण त्याखाली ते पान पूर्ण कोरा. त्याशिवाय तो शब्द खरा होत नाही.

आता उरलास तू.

तीस तारखेचं कर्नाटक एक्स्प्रेसचं तिकीट काढलं आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेते आहे, तुला अजून आवडत असेल असं धरून. तुझा पत्ता पोचपावतीवर आहेच. मी आत येणार नाही. तू ये म्हणायची वाट बघणार नाही, जा म्हणालास तर वाईट वाटून घेणार नाही. तुझ्या दारात तासभर उभी राहीन.

पाणी दिलंस तर पिईन. नाही दिलंस तर पुढच्या वर्षी पुन्हा येईन.

तुझी
अक्का